कापलेला उतारा

चेटकीण होणं हा माझा धंदा आहे, म्हणून चेटकावर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये "ताई, तुम्ही फार अंधश्रद्धाळू दिसता" असं लिहायचे कुणाचे कष्ट वाचतील. झाडीपट्टीच्या नाटकांत मी वीसेक वर्षं खलनायिका करते. माझ्या जटा नायलॉनच्या आहेत. अंगाला फासायची राख म्हणजे पांढरी रांगोळी, आणि तोंडातून गळणारं रक्त म्हणजे कुंकू कालवलेला साखरेचा पाक. त्याच्यावर माशा बसतात, आणि भयानक हसता हसता एखादी घशात जाते... तर अशा बाईला भुताखेतांचं कुणी काय सांगावं?

आमचा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चंद्रपूर-गडचिरोलीचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख, त्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. दिवाळी होऊन धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. पटाला पाहुणे येतात, आणि पाहुण्यांसाठी नाटक ठेवतात. जेवणं झाल्यावर सुरू होतं ते उजाडेपर्यंत चालतं. लोक ब्लँकेट पांघरून, बोऱ्यावर बसून पाहतात आणि आवडलं नाही तर तसं तोंडावर सांगतात.

अविश्वासाचं दुसरं कारण जरा गंभीर आहे. आमच्याकडे एखाद्या घरात दोन माणसं आजारी पडली की शेजारच्या म्हातारीकडे बोट जातं. जादू करते म्हणून बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय. मी असल्या भूमिका करते याची मला लाज नाही, पण जबाबदारी वाटते. म्हणून नाटक संपलं की मी पडदा पडू देत नाही. पुढे येते, सगळ्यांसमोर जटा उपटून हातात घेते आणि सांगते, "हे नाटक होतं जी. खऱ्यात असं काही नसते. कोणत्या बाईले असं म्हणू नका." मग टाळ्या होतात आणि सगळे हसत घरी जातात.

आता प्रसंगाकडे येते. दिवाकर म्हणजे माझे मिस्टर. नाव घेतेय ते सोयीसाठी, उखाणा समजू नका. ते ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होते, आता रिटायर झालेत. नाटकाचं वेड आधी त्यांचं, माझं नंतरचं. गेल्या सीझनला आमच्या मंडळानं नवं नाटक उभं केलं, 'शब्द माझा, मरण तुझं'. काजळगड नावाचं एक राज्य. तिथे तलवारीने कोणी कोणाला मारत नाही, शापाने मारतात. पायाचा शाप लागला की माणूस चालत सुटतो आणि चालता चालता मरतो. डोळ्याचा लागला की आपलं घर ओळखू येत नाही. हाताचा लागला की आपलाच हात आपला गळा धरतो. प्रत्येक शापाला उतारा आहे, पण तो ज्याने शाप दिला त्यानेच द्यायचा, आणि ज्यांनी शाप ऐकला त्यांच्यादेखत. हे सगळे नियम आमचे लेखक बोरकरदादा यांनी जेवणानंतर सुपारी चघळत रचलेले. कोणत्या पोथीतून काढलेले नाहीत, मी समोर बसले होते.

मी शाप देणारी राणी आणि दिवाकर सेनापती. नवरा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि नाटकात शेवटी निघतो माझाच हरवलेला मुलगा. झाडीपट्टीत असं चालतं. सेनापती मला गडावरून ढकलून देतो, मी वाचते, परत येते आणि शाप देते, "ज्या हातानं तू मला ढकललंस, तोच हात तुझा गळा धरील!" त्यापुढे स्क्रिप्टमध्ये कंसात नुसतं 'मंत्र' लिहिलेलं. दादा म्हणाले, "बाई, तुमीच काईतरी म्हना. पण कोनाच्या देवाधर्मातलं नको, कोनत्या समाजाच्या बोलीतलं नको. लोकाईले वाईट वाटते."

आमची मुलगी वडसाला दिलीय. तिच्याकडे जायला मी चांदा फोर्ट स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते आणि मंत्र काही सुचत नव्हता. समोर बोर्डावर स्टेशनांची नावं. मी ती उलटीकडून वाचायला लागले... आणि अहाहा, काय भयानक ऐकू येत होती! पाच निवडली. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. प्रत्येक नाव उलटं करून, घोगऱ्या आवाजात ओढून म्हणायचं, झाला मंत्र. इथे मी ती सरळच लिहिते, उलटी करून लिहीत नाही. का ते शेवटी सांगेन. तुम्हीही तूर्तास करून पाहू नका.

शेवटच्या प्रसंगाला दादांनी नावच 'उतारा' दिलं होतं. सेनापती आपला गळा धरून पडलाय. राणीला कळतं की हा आपलाच मुलगा. ती मूठभर माती घेऊन त्याच्या हातावर टाकते आणि तेच शब्द सरळ करून म्हणते. इथे लोकांना कळायचं की ही बाई आपल्याला रात्रभर टेशनांची नावं उलटी करून घाबरवत होती! हशा पिकायचा. दादा चिडायचे, पण मला ते आवडायचं, कारण भीती तिथेच उतरायची. मग राणी म्हणते, "शब्द परत घेतला. आता तो माझ्या पोटात राहो," आणि मरून पडते. मग मी उठायची, जटा काढायची, भाषण करायची.

मूल आणि सिंदेवाहीच्या मधलं एक गाव. तलाव, त्याच्या मागे जंगल आणि तलावाच्या अलीकडे पटाची दान, म्हणजे बैल पळवायची लांब पट्टी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. रात्री प्रयोग रंगला, शाप असा लागला की पुढे बसलेल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. पण वन्समोअर खूप झाले आणि उतारा यायच्या आधीच उजाडलं. तिकडे पहिली जोडी दानीवर उभी, माणसं ब्लँकेट झटकून उठायला लागलेली. आमचे मॅनेजर धनुभाऊ विंगेतून खेकसले, "बाई, उतारा काटा! लोकं उठून राह्यले!"

"धनुभाऊ, मंग सेनापती मरूनच राह्यते ना जी!"

"राहू द्या मरून! तेवढा एक उतारा गेल्यानं काय होते? टाक रे पडदा!"

उतारा म्हणजे पुस्तकातला एक तुकडा, आणि उतारा म्हणजे लागलेलं उतरवायचा उपाय. धनुभाऊंनी पहिला कापला. दुसराही त्याच्याबरोबर गेला हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. जटासुद्धा मी मागे जाऊन काढल्या, काढताना कोणी पाहिलं नाही.

थोड्या वेळाने सामान टेम्पोत चढत होतं आणि मी साडी बदलून चहा घेत होते. दिवाकर हापशीवर तोंड धूत होते. फाट्‌दिशी आवाज आला. पाहिलं तर त्यांच्या गालावर पाच बोटं उठलेली, आणि ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत उभे. मला वाटलं, डास मारला. ते हसून म्हणाले, "अवं, हा हात..." तेवढ्यात त्या हाताने त्यांचे केस मुठीत धरले आणि डोकं हापशीच्या लोखंडावर आदळलं. एकदा... पुन्हा. कपाळ फुटलं. रक्त धारेने डोळ्यांत उतरलं आणि मी मूर्खासारखी मनात म्हणते, हा पाक नाही, पाक इतका पातळ नसतो.

चहा फेकून मी धावले. तोवर हाताने गळा धरला होता.

मी दोन्ही हातांनी ती बोटं ओढली. हललीसुद्धा नाहीत. धनुभाऊ आले, टेम्पोचा ड्रायव्हर आला, दानीवरची पैलवान गडी माणसं आली. चौघांनी मनगट धरून मागे खेचलं, तर हाताबरोबर दिवाकरच फरफटत गेले, पकड सुटेना. ड्रायव्हरने करंगळी धरून उलटी वाकवली. कडाक् असं वाजलं. हाड मोडलं, पण ते मोडलेलं बोटही गळ्यात तसंच रुतत राहिलं. नखं कातडीत शिरली होती. दिवाकर स्वतःच्या मनगटाला चावत होते, मांस निघेपर्यंत चावत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी बत्तीस वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. ते मला भीत नव्हते, मला विचारत होते.

"फीट आली, चप्पल हुंगवा!" "कांदा आना रे!" "एकशेआठले फोन लावा!" फोन मी स्वतः लावला. गाडी निघालीय, म्हणाले. माझं डोकं जागेवर होतं हे सांगायला हवं. मी स्वतःशी म्हणत होते, हा मेंदूचा झटका असेल, असं होत असेल काही जणांना. चेहरा निळा पडत चालला होता, ओठांतून फेस येत होता, आणि मी तरीही तेच म्हणत होते.

मग गर्दीतून एक बाई बोलली. ती ओरडली नाही, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "रातीच म्हनलं होतं ना इनं. तोच हात तुहा गळा धरील म्हनून."

 मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी कितीतरी वेळा त्या गर्दीविरुद्ध बोललेय. भाषणं दिलीत. पण समोरून तशी गर्दी कधी पाहिली नव्हती. ती कालपासून माझ्याशी गोड बोललेली माणसं होती. बैल हाकायची तुतारी — टोकाला खिळा लावलेली काठी — हातात घेतलेला एक उंच माणूस पुढे आला. काही न विचारता त्याने ती माझ्या खांद्यावर घातली. दुसरा फटका पाठीत बसला, खिळा ब्लाउज फाडून आत गेला. मी गुडघ्यावर पडले. कोणी मागून केस धरले. "काढ! काढ तुहं! नाई तं इथीच गाडतो तुले!"

"नाटक होतं ना जी ते!" मी ओरडले. "नाटकात म्हनलं मी!"

"मंग हे काऊन होऊन राह्यलं?"

मी दिवाकरांकडे सरकायला गेले, तर केस आणखी ओढले गेले. 

आणि माझी अडचण कळतेय का तुम्हाला? शाप परत घेते म्हटलं, तर मी जादू करणारी बाई आहे हे मीच कबूल केलं. मग नवरा वाचो न वाचो, मी त्या तलावाच्या काठी संपलेच. माझ्यानंतर त्याच गावातल्या कुठल्यातरी म्हातारीची पाळी, कारण आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. आणि नाही म्हटलं तर दिवाकर माझ्यासमोर मरत होते. मला भयंकर राग आला. गर्दीचा, धनुभाऊंचा, बोरकरदादांच्या सुपारीचा, सगळ्यांचा.

तेवढ्यात ऐकू आलं. टक टक... टक. दिवाकर उताणे पडले होते, आणि त्यांचा डावा हात हापशीच्या ओट्यावर बोटांनी वाजवत होता. टक टक... टक. आमच्या मंडळात विंगेतल्या फळीवर अशी खूण वाजवली की ऑर्गनवाल्याने पुढच्या प्रवेशाची सुरावट धरायची. माझा नवरा, अर्धा मेलेला, मला एंट्री देत होता.

"किसनाभाऊ!" मी जिवाच्या आकांताने हाक मारली. "शेवटचा अंक! वाजवा!"

किसनाभाऊ आमचे ऑर्गनवादक. ते टेम्पोवर, बांधलेल्या ऑर्गनशेजारी थिजून उभे होते. पण चाळीस वर्षांची सवय... हाताने आच्छादन ओढलं आणि भैरवी सुरू झाली.

ऑर्गनचा आवाज झाला आणि केसांची पकड ढिली पडली. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, बसा ना बे समोरचे! दिसत नाई ना!" आणि पुढची माणसं बसली. खरं सांगते, उकिडवी बसली, जशी रात्रभर बसली होती तशी. तुतारीवालाही काठी मांडीवर ठेवून बसला. आमच्या झाडीत ऑर्गन लागल्यावर उभं राहत नाहीत.

मी हापशीजवळची ओली माती मुठीत घेतली. राणीचा आवाज लावला, तो फाटला, पुन्हा लावला. "बाळा! तू माझा आहेस हे मला ठाऊक नव्हतं रे!" सगळं स्वगत म्हटलं, एक वाक्य गाळलं नाही. गाळायची छातीच नव्हती. मग माती त्या हातावर टाकली आणि म्हटलं, "मूल."

अंगठा सुटला.

मी पाहिलं. हात तिथेच होता, चार बोटं रुतलेली आणि अंगठा वर. गळ्यातून शिट्टीसारखा श्वास आत गेला. "सिंदेवाही," मी म्हटलं. दुसरं बोट उघडलं. "नागभीड." तिसरं.

"अबे, हे तं टेशनं होत!" गर्दीतून आवाज आला. कोणीतरी खुसकन हसलं. मग ते हसू पसरलं, आणि पुढचं नाव माझ्याआधी त्यांनीच घेतलं, सगळ्यांनी, शाळेतल्या पोरांसारखं तालावर, "ब्रह्मपुरी!" राहिली फक्त मोडलेली करंगळी. वडसा म्हणताना मला माझी मुलगी दिसली, तिच्या दारात उभी. सगळं गाव ओरडलं, "वडसाऽ!" आणि ते वाकडं बोट गळ्यातून निघालं आणि हात धपकन मातीत पडला.

राहिलं शेवटचं वाक्य. पहिल्यांदाच मला ते म्हणायचं नव्हतं. पण एकदा कापल्याचं फळ समोर पडलं होतं. "शब्द परत घेतला. आता तो माझ्या पोटात राहो." पडायचं नाटक करावं लागलं नाही, मी खरंच पडले.

टाळ्या झाल्या! शुद्धीवर आले तेव्हा तुतारीवाला माझ्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन बसला होता. म्हणाला, "बाई, काय सीन केला जी तुमी! भाईर घेतला लास्टचा. आन् रगत खरं लावलं होतं काय?" माझ्या पाठीतून त्यानेच काढलेलं रक्त साडीत झिरपत होतं. त्याला खरंच नाटक वाटलं होतं, की तसं वाटून घेणं त्याला बरं पडत होतं, कोण जाणे. मी पाणी प्यायले आणि आयुष्यात प्रथमच जटा हातात नसताना ते भाषण केलं. "कोणत्या बाईले असं म्हणू नका."  मग एकशेआठची गाडी आली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे सगळे फोटो काढले. काही सापडलं नाही. असा स्वतःच्याच हातावरचा ताबा जाण्याचा एक आजार असतो, असं ते म्हणाले. असेल. मला तर तो आवडलाच असता. पण तो आजार स्टेशनांच्या नावाने उतरतो का, असं विचारलं तर त्यांनी दिवाकरांऐवजी माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. नाटक मंडळाने बंद केलं. धनुभाऊ आता कोणत्याही स्क्रिप्टमधली एक ओळ कापत नाहीत, नाटकं सकाळी दहा वाजेपर्यंत चालतात.

आणि मी. ती पाच नावं मला लिहिता येतात, वाचता येतात, पण बोलता येत नाहीत. तोंड उघडलं की नाव उलटं बाहेर येतं. पहिल्यांदा कळलं ते तिकिटाच्या खिडकीवर. मी 'वडसा दोन' म्हणायला गेले आणि घोगऱ्या आवाजात भलतंच निघालं. शेजारी उभ्या दिवाकरांचा उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथे थांबला. मी तोंड दाबून धरलं. तेव्हापासून तिकीट ते काढतात. मुलगी फोनवर म्हणते, "आई, आमच्या गावाचं नाव घ्यायला तुला लाज वाटते का?" तिला काय सांगू?

तुमच्यापैकी कोणाकडे याचं कारण असेल तर लिहा, मी वाचेन, मानेनसुद्धा. मला अजून सापडलेलं नाही. आणि मला ठाऊक आहे, मी नको म्हटलं तरी वाचता वाचता तुम्ही एखादं नाव मनात उलटं केलंच असणार. केलं असेल तर ते सरळ करून म्हणून टाका, मोठ्याने, चार माणसांत. कापू नका.

दिवाकर शेजारी बसून चहा पिताहेत, डाव्या हाताने. मी हे एका अंगठ्याने टाइप केलंय, कारण माझ्या दुसऱ्या हातात त्यांचा उजवा हात आहे.